शंकूतला गणपती

ग्रेनाडा हे कॅरिबियन बेट चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या जरा खाली आहे, काळजी नको, असं इथे येण्याआधी आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. दर जूनमध्ये इथल्या खाड्या शिडाच्या बोटींनी भरून जातात, कारण हंगाम संपेपर्यंत १२ अंश ४० मिनिटं अक्षांशाच्या दक्षिणेला राहा, अशी बऱ्याच बोटींच्या विम्याची अट असते. वादळ त्या रेषेपाशी येणार, चपला काढणार आणि परत फिरणार, अशा भरवशावर बोटवाले बिअर पीत बसतात. १९५५ मध्ये जॅनेट वादळाने आणि २००४ मध्ये आयव्हनने ही अट वाचलेली नव्हती. आयव्हनने दहातल्या नऊ घरांची मोडतोड केली, त्यात पंतप्रधानांचंही घर सोडलं नाही. तुरुंग फोडून कैदी मोकळे केले आणि ज्या जायफळाचं चित्र या देशाच्या झेंड्यावर आहे, त्याची बहुतेक झाडं आडवी केली. २०२४ मध्ये बेरिलने तर सप्टेंबरचीही वाट पाहिली नाही. १ जुलैलाच ते आमच्याच देशातल्या कॅरिआकू बेटावर उतरलं.

हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणजे अर्धं वर्ष. त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास, बरोबर आपल्या गणपतीच्या सुमाराला. तर अशाच एका वर्षी सासूबाई श्रीवर्धनहून शाडूची मूर्ती मांडीवर घेऊन आल्या, यथासांग प्रतिष्ठापना झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नवऱ्याने घरात जाहीर केलं, "आपण शंकूत आलो."

हा शंकू मायामीच्या चक्रीवादळ केंद्राच्या नकाशात असतो. वादळापाशी निमुळता, पुढे रुंद. पुढच्या दिवसांत वादळाचा मध्य बहुधा यात कुठेतरी असेल, एवढाच त्याचा अर्थ. पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा, असा तो नव्याने येतो आणि वादळ जवळ आलं की मधे दोनला आणि आठला वादळाची ताजी खबरही येते. आमची जेवणं, आंघोळी आणि भांडणं त्या चार दिवसांत याच वेळांभोवती झाली.

नवरा मेडिकलच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. त्याने आईंना समजावलं, "तीनपैकी दोन वेळा मध्य शंकूच्या आतच राहतो."

"आणि तिसऱ्या वेळी?"

"बाहेर जातो."

"मग काढतात कशाला?"

त्याने विषय बदलून दुसरा नकाशा उघडला. त्यात वेगवेगळ्या संगणकांनी वर्तवलेले मार्ग रंगीत रेघांनी काढलेले होते. आईंनी चष्मा लावून तो ताटात सांडलेल्या शेवयांसारखा गुंता पाहिला आणि म्हणाल्या, "यातली एकही नीट सरळ नाही." त्यावर संख्याशास्त्राकडे उत्तर नव्हतं.

मग खरेदी. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, टॉर्चचे सेल, काडेपेट्या, डबाबंद अन्न. आम्ही पोचलो तेव्हा दुकानात पाणी संपलं होतं, पाव संपला होता, उरले होते फक्त मोहरीच्या सॉसमधले सार्डिन. घाबरलेला माणूस काहीही विकत घेतो. आम्ही दोन खोकी घेतली. घरी आल्यावर आईंनी एक डबा उलटसुलट करून पाहिला. "मासळीला मोहरी फासणारी माणसं वादळाला काय तोंड देणार?" एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग मुख्य मुद्द्यावर आल्या. "घरात गणपती आहे."

हे आम्ही दोघंही विसरलो होतो. वादळाआधी फ्रीजर रिकामा करायचा असतो, वीज गेली की सगळं नासतं. आमच्या फ्रीजरमध्ये ट्यूना आणि माही-माही गच्च भरलेले. खायची सोय नाही. टाकायचा जीव नाही. शेवटी सगळी मासळी शेजारच्या आजींकडे गेली आणि आमच्या ताटात पोहे, मेतकूट-भात आणि धुमसत्या नवऱ्याचा चेहरा.

खिडक्यांना ठोकायच्या प्लायवूडच्या फळ्या नवऱ्याने आदल्या वर्षीच मापाने कापून, त्यांवर मराठी आकडे टाकून ठेवल्या होत्या. या हुशारीचं त्याला फार कौतुक. मदतीला शेजारच्या आजींचा नातू आला. त्याने ४ ची फळी उचलली आणि आपल्या समजुतीने आठव्या खिडकीवर नेली. आठवी खिडकी संडासाची. तिथे दिवाणखान्याची फळी बसली आणि तीही इतकी पक्की, की पुढे काढताना स्क्रू सोडून भिंतच आली.

संध्याकाळी खरा पेच उभा राहिला. बंदर बंद होणार, समुद्रावर जायला मनाई होणार. नवरा म्हणाला, "यंदा दीड दिवसाचाच करू. आजच विसर्जन उरकू."

आईंनी शांतपणे विचारलं, "विघ्न येतंय म्हणून विघ्नहर्त्याला घराबाहेर काढायचं?"

"बरं, मग सुरक्षित जागी हलवू. घरात मधोमध, खिडकी नसलेली अशी एकच खोली आहे."

"कुठली?"

तो बोलला नाही. ती खोली म्हणजे आतलं बाथरूम, हे मलाही सांगायचं धैर्य झालं नाही. तडजोड म्हणून बाप्पा कोठीच्या कपाटात बसले. पलीकडे सार्डिनची दोन खोकी. त्यांवर आईंनी स्वतःची शाल पांघरली. देवाला दिसू नये म्हणून की वास जाऊ नये म्हणून, ते विचारलं नाही.

वादळ येणार त्या रात्री शेजारच्या आजी आमच्याकडे आल्या, कारण आमचं छप्पर काँक्रीटचं. त्यांना मराठी येत नाही, आईंना इंग्रजी येत नाही. आजींनी आयव्हनमध्ये पत्रे कसे उडाले ते दोन्ही हातांनी दाखवलं. आईंनी निसर्ग वादळात, जून २०२० ला, वाडीतल्या सुपाऱ्या कशा मोडल्या ते कोपरापासून हात वाकवून दाखवलं. आजींनी जायफळाचं झाड दाखवलं, आईंनी नारळाचं. अकराच्या शंकूला दोघींनी बघितलंसुद्धा नाही. वीज गेली, वारा दारं हलवू लागला, पोरं झोपली, नवरा फोनच्या उजेडात दोनची वाट पाहत बसला आणि या दोघींची पडझडीची चढाओढ चालूच.

पहाटे पाचला कळलं. वादळ उत्तरेला वळलं. शेजारच्या आजींनी येशूचे आभार मानले, आईंनी कपाट उघडून हात जोडले, नवऱ्याने हवेच्या उच्च दाबाच्या पट्ट्याला श्रेय दिलं. पोहे टाकायला कांदा चिरायला घेतला आणि आईंनी विचारलं, "उत्तरेला कोण राहतं?"

शेजारच्या आजींनी बोटं मोडत बेटांची नावं घेतली. त्यांची बहीणच एका बेटावर होती.

दोन दिवसांनी त्यांच्या चर्चमधून वरच्या बेटांसाठी सामान गोळा करणारा ट्रक आला. आईंनी शाल काढून घेतली, सार्डिनची दोन्ही खोकी दारात ठेवली, आत गेल्या आणि मेतकुटाची बरणीही घेऊन आल्या. नवरा हताश होऊन बघत राहिला, पण बोलण्याची टाप नव्हती. बरणीला त्यांनी चिठ्ठी बांधली होती: "मऊ भातावर घ्यावे. तूप विसरू नये. लहान मुलांना चालते."

मराठीत.