प्लास्टिकपासून तेल निघतं, पण कसलं तेल?

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तोच व्हिडिओ पाठवतं, ड्रममध्ये पिशव्या कोंबल्या, खालून जाळ लावला, नळीतून पिवळसर तेल बाटलीत पडायला लागलं, ते काडी लावून पेटवून दाखवलं आणि खाली लिहिलंय की कचऱ्याचा प्रश्न सुटला. मी पायरोलिसिसवर, म्हणजे हवा न देता तापवून पदार्थ तोडण्यावर, लॅबमध्ये बरेच महिने घालवलेत म्हणून लोक मला विचारतात, हे खरं आहे का हो? खरं आहे. तेल निघतं. पण तापमान किती होतं, वाफ आत किती वेळ राहिली, पिशव्या कुठल्या प्लास्टिकच्या, हे कुणी सांगतच नाही, आणि ते कळल्याशिवाय 'तेल निघालं' म्हणण्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही.

हवा न देता तापवायचं, म्हणजे प्लास्टिक जळत नाही, त्याच्या लांबच लांब साखळ्या तुटतात. किती बारीक तुटतील ते तुम्ही आत काय परिस्थिती ठेवता त्यावर. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन असेल तर साधारण ४५० ते ५०० डिग्रीला सगळ्यात जास्त द्रव मिळतो, स्वच्छ माल आणि नीट चालवलेला प्रयोग असेल तर वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपाससुद्धा. ७०० कडे गेलात की तेच तुकडे परत तुटतात आणि इथिलिन, प्रॉपिलिन, मिथेन असा गॅस होतो, तेल घटतं.

पण नुसत्या तापमानावर भागत नाही. आमचा पहिला चांगला वाटलेला बॅच मला अजून आठवतो, संध्याकाळी गरम, सोनेरी, पातळ तेल बघून सगळे खूश, सकाळी येऊन बाटली उलटी केली तर काही हललंच नाही, आत पांढुरकं मेण बसलेलं. आत हवा राहू नये म्हणून सोडतो त्या नायट्रोजनचा फ्लो जास्त ठेवला होता, त्यामुळे वाफ पुरती तुटायच्या आधीच बाहेर ओढली गेली. पुढच्या वेळी प्लास्टिक तेच, तापमान तेच, फक्त फ्लो कमी केला आणि तेल बऱ्यापैकी पातळ राहिलं. वाफ फार वेळ कोंडून ठेवली तर उलटं होतं, गॅस वाढतो, बेंझिनसारखी ॲरोमॅटिक्स म्हणजे कडीच्या आकाराची संयुगं वाढतात, भिंतीला कोक म्हणजे कोळशासारखा थर धरतो. आणि प्लास्टिक उष्णतेचा वाईट वाहक, त्यामुळे मीटरवर ४८० दिसलं म्हणून मधल्या गोळ्यात ४८० असेलच असं नाही, भांडं मोठं झालं की हा फरक जास्तच छळतो.

झिओलाइटसारखा कॅटॅलिस्ट (साखळ्या तुटायला मदत करणारा पदार्थ) घातला तर कमी तापमानात काम होतं आणि तेल हलकं, पेट्रोलच्या बाजूचं येतं, पण त्याच्यावरही कोक बसतो आणि तो थकतो.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो न निवडता माल टाकण्याचा. पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग क्लोरीन असतो, तो ३०० डिग्रीच्या आसपासच हायड्रोजन क्लोराइड या आम्लारी वायूच्या रूपात सुटायला लागतो, लोखंड खातो, तेलात उतरतो, माणसाच्या छातीत जातो. तो आधी कमी तापमानाला वेगळा काढून चुन्यातून न्यायचा असतो. पेटच्या (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्या टाकल्या तर तेल थोडंच आणि टेरेफ्थॅलिक ॲसिडची भुकटी नळ्यांत जमून वाट बंद, आणि वाट बंद म्हणजे आत प्रेशर. पॉलिस्टायरिनमधून (थर्माकोलचं प्लास्टिक) तर ते ज्यापासून बनतं ते स्टायरिनच बरंचसं परत मिळतं, ज्यापासून पुन्हा प्लास्टिक बनेल, ते इंधन म्हणून जाळून टाकणं मला तरी पटत नाही.

आणि जे मिळतं ते डिझेल नाही हो. त्यात पेट्रोलसारखे हलके भाग मिसळलेले असतात त्यामुळे फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते, खाली येतो, अनसॅच्युरेटेड म्हणजे सहज पुढे प्रक्रिया करणारी संयुगं भरपूर असतात त्यामुळे ठेवून ठेवून काळं पडतं, डिंकासारखा चिकटा धरतं. डिस्टिलेशन (उकळून भाग वेगळे करणं), हायड्रोट्रीटिंग (हायड्रोजनने शुद्ध करणं) केल्याशिवाय इंजिनात घालायचं नसतं.

व्हिडिओतल्या त्या ड्रमला नायट्रोजन नाही, प्रेशर रिलीफ म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह नाही. जाळ बंद केला की ड्रम थंड होताना आतली वाफ आकसते आणि फटीतून हवा आत ओढली जाते, आत अजून पेटणारी वाफ आणि तापलेला कोळसा तसाच असतो, आणि नेमकं तेव्हाच किती निघालं बघायला माणूस झाकणाशी जातो. प्लीज, हे घरी कुणी करू नका.