गाडीचं कूलंट पिण्याच्या पाइपात? अजिबात नाही!

आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला आणि तो अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने नुकताच जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलाय. आत ओटा, बाथरूम, गीझर, सगळं आहे. मेसेज म्हणतो, थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून ट्रेलरचं खास अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) कशाला, गाडीचं इंजिन थंड ठेवणारं गुलाबी कूलंट टाकीत ओता, शेवटी दोन्ही ग्लायकॉल नावाचं रसायनच. उन्हाळ्याआधी ब्लीचने धुतलं की झालं. कूलंट नसेल तर मीठ टाका. गीझरला हात लावू नका. यातलं काहीच नको असेल तर नुसते नळ उघडे ठेवा. भाच्याने मला विचारलं, "मामा, ओतू का?"

देवास नाक्यावरच्या गॅरेजात रेडिएटर खोलण्यात माझी उमर गेली, म्हणून स्पष्ट सांगतो. गाडीच्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विष आहे. चवीला गोडसर, त्यामुळे मूल किंवा कुत्रं तोंड फिरवत नाही. पोटात गेल्यावर यकृतात त्याची आम्लं होतात, ऑक्झलेटचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात अडकतात आणि लघवी बंद पडते. मोठ्या माणसाला साधारण 100 मिलीसुद्धा जिवावर बेतू शकतं. ट्रेलरसाठी मिळतं ते बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठीच बनवलेलं. नावात ग्लायकॉल आहे म्हणून दोन्ही एक कसे?

ज्यांना ही बारीक गोष्ट वाटते त्यांनी आपल्याच मध्य प्रदेशातलं छिंदवाडा आठवावं. 2025 मध्ये खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, याच घराण्यातलं. वीसहून जास्त मुलं गेली, मूत्रपिंडं निकामी होऊन. 2022 मध्ये गांबियातल्या सिरपबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जो इशारा दिला, त्यात डायइथिलीन आणि इथिलीन, दोघांचीही नावं होती.

आणि रंगाचं काय घेऊन बसलात? गुलाबी कूलंट गाड्यांचंही येतं, मी रोज ओततो. रंग कंपनी टाकते. डब्यावरचं रसायनाचं नाव वाचा, आणि ते पिण्याच्या पाइपांना चालतं असं लिहिलंय का ते बघा. ब्लीच जंतू मारतं, टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं ग्लायकॉल नाही.

मिठाचं थोडक्यात. मिठाचं पाणी उशिरा गोठतं हे खरं, पण मिनेसोटाच्या थंडीसाठी भरपूर मीठ घातलं तर पितळी जोड आणि पंप गंजून जातील. गीझर आधी थंड होऊ द्यायचा, दाब सोडायचा, रिकामा करायचा आणि बायपास व्हॉल्व्ह (गीझर वगळून पाणी पुढे नेणारी चावी) फिरवायचा. नाहीतर सहा गॅलनचा गीझर भरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ 23 लिटर, अँटीफ्रीझ फुकट जातं.

नळ उघडे ठेवण्यात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. पाणी काढून बेताच्या दाबाच्या हवेने पाइप फुंकले तर पाइपात अँटीफ्रीझ नाही घातलं तरी चालतं, बरेच जण तेच करतात. पण नुसत्या नळाने पंपातलं पाणी निघत नाही, शॉवरच्या लवचीक नळीतलं नाही, आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपात तर ते थांबावं म्हणूनच तो वाकडा असतो. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, आणि प्लास्टिक तिथेच तडकतं. म्हणून भाच्याला सांगितलंय: हवा मारून झाली की सिंक आणि शॉवर, दोन्हीच्या जाळीतून ट्रेलरचंच अँटीफ्रीझ कपभर ओत, आणि गाडीच्या कूलंटचा डबा ट्रेलरमध्ये ठेवूसुद्धा नकोस.