नानांना अमेरिकेला धाडताय? विमा कशाला?

थोरला भाऊ टेक्सासात, वहिनीला आठवा महिना लागलेला, आणि आई-नानांचा व्हिसा आला. आता धावपळ तुमची. हैदराबादहून तिकिटं काढा (लातूर-नांदेडच्या माणसाला मुंबईपेक्षा शमशाबादच सोयीचं), डिंकाचे लाडू वळून घ्या, येसर दळून आणा, बॅगा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून बघा. एवढ्यात कुणीतरी शहाणा विचारतो, "विमा काढला का?" त्याच्याकडं लक्ष देऊ नका.

मुळात मागतंय कोण? युरोपातल्या शेंगेन देशांत जायचं म्हटलं की ते आधी किमान 30,000 युरोचा विमा दाखवा म्हणतात. अमेरिका मोठ्या मनाची आहे. पर्यटक व्हिसाला ती विमा मागतच नाही. न मागता द्यायची आपल्यात पद्धत नाही.

खर्चाचं म्हणाल तर लोक उगाच घाबरवतात. तिथल्या सरकारच्या आरोग्यविम्याच्या संकेतस्थळानं स्वतःच सांगितलंय की मोडलेला पाय नीट करायला 7,500 डॉलरपर्यंत लागू शकतात आणि दवाखान्यात तीन दिवस काढले तर सरासरी 30,000 डॉलर. डॉलर 85 ला धरला तरी साडेपंचवीस लाख. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये. एकरी आठ क्विंटल पिकलं आणि सगळा माल हमीभावानं गेला (हसू नका), तर हे साठ एकरांचं पीक झालं. साठ एकर पेरा, काढा, विका आणि नानांना तीन दिवस खाटेवर झोपवा. चौथ्या दिवसासाठी रब्बी आहेच.

शिवाय तिथं 1986 चा कायदा आहे. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे नाहीत म्हणून परत लावायचं नाही. तपासायचं, धोक्याबाहेर आणायचं. आपल्या व्हॉट्सॲपवर हा कायदा 'अमेरिकेत इमर्जन्सी फुकट' असा पोचलाय. नंतर बिल पाठवायला त्यात कुठंही मनाई नाही, पण इतकं शेवटपर्यंत वाचतो कोण? ॲम्ब्युलन्सही बिनधास्त बोलवा. इथं 108 ला फोन केला की फुकट येते. तिथं 911 ला केला तरी येते, आणि तिच्या मागून तिचं बिल येतं.

आयुष्मान कार्ड मात्र न विसरता न्या. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांचं कवच मिळालंय, आणि नानांनी उन्हात रांग लावून ते काढलंय. लॅमिनेट करा. ह्यूस्टनच्या काउंटरवर ठेवलं की उपचार नाही तरी चौकशी नक्की होईल.

एवढं सांगूनही भाऊ विम्याचा हट्ट सोडत नसेल, तर सगळ्यात स्वस्त पॉलिसी घ्या. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 50,000 डॉलर लिहिलेलं असतं. आत बारीक अक्षरांत एकेकाचा दर बांधलेला असतो: इमर्जन्सीला इतके, खाटेला दिवसाला इतके, भूल देणाऱ्याला इतके. बिल कितीही येवो. आपल्याला यात नवीन काय आहे? सोयाबीन उभ्यानं कुजो की गंजीसकट वाहून जावो, कोरडवाहूला केंद्राच्या निकषानं भरपाई हेक्टरी 8,500 रुपये, तीही दोन हेक्टरांपर्यंत. तुमचं गेलं किती, हे सरकार विचारत नाही, मग कंपनीनं का विचारावं? दुसऱ्या जातीची पॉलिसी प्रत्यक्ष बिलावर चालते. सुरुवातीचे थोडे डॉलर तुमचे, मग काही रकमेपर्यंत वीस टक्के तुमचे, ऐंशी तिचे, त्यापुढं मर्यादेपर्यंत तिचे. ती महाग पडते. हप्ता ऐकला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एवढ्यात एक म्हैस येती." आणि म्हैस निदान दूध तरी देते.

आता फॉर्म. त्यात 'आधीपासूनचे आजार' असा रकाना येईल. 'नाही' लिहा. नानांना बारा वर्षांपासून बीपी आहे, आईला शुगर आहे, पण गोळी चालू आहे म्हणजे आजार बंद आहे, असाच आपल्याकडचा हिशेब. अचानक उलटलेल्या जुन्या आजाराचा खर्च काही पॉलिसी वयाच्या आणि रकमेच्या अटी घालून देतात. त्या अटी वाचत बसू नका, डोळे दुखतात. तिकडच्या दवाखान्यात नर्स पहिल्यांदा विचारते, कोणत्या गोळ्या चालू आहेत? तेव्हा आई अख्खी कॅरीबॅग टेबलावर पालथी घालेल. पाकिटांवरची नावं, किती वर्षांपासून, सगळं केसपेपरवर चढेल. क्लेम तपासणारा माणूस नेमका तोच कागद आधी मागवतो.

फॉर्म भरून झाला की त्याच मोबाइलवरून विमान कंपनीला कळवा: दोघांनाही चालवत नाही, व्हीलचेअर पाहिजे. इंग्रजीची अडचण, मधे दोहा-दुबईला विमान बदलायचं. ढकलणारा माणूस थेट इमिग्रेशनच्या खिडकीसमोर नेऊन सोडतो, ही युक्ती आता गावोगाव माहीत झालीय. म्हणजे विम्याच्या कागदावर नाना पंढरीला पायी जातील इतके ठणठणीत आणि तिकिटावर पांगळे. दोन्ही कागद एकाच फाइलीत लावा, शोधायला सोपे जातात.

हे सगळं मी अधिकारानं सांगतोय, कारण आमच्या अण्णांचं मी अगदी असंच केलं होतं. नातवाच्या बारशाला भजी झाली आणि रात्री अण्णांच्या छातीत भरून आलं. आई ओवा घेऊन उभी होती. भावानं ऐकलं नाही, गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं. (बरोबरच केलं. छातीत दुखलं की ओव्यावर भागवू नये, हे या लेखातलं एकमेव सरळ वाक्य.) ईसीजी, रक्त, सीटी, रात्रभर देखरेख. सकाळी डॉक्टर हसून म्हणाला, गॅस.

बिलं एकदम आली नाहीत. दवाखान्याचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, लॅबचं वेगळं आणि महिन्याभरानं एका रेडिओलॉजिस्टचं, ज्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलंसुद्धा नाही. भावानं तपशीलवार बिल मागवलं, मदत योजनेचा अर्ज केला (ना-नफा दवाखान्यांना अशी योजना ठेवावीच लागते), फोनवर घासाघीस केली. आकडा खाली आला. जन्मभर मोंढ्यात तोलाईवरून भांडलेल्या अण्णांना त्या देशाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. विमा कंपनीचा मात्र तीन ओळींचा ईमेल आला: बीपी आधीपासून होता, तो सांगितला नाही, आणि मदत क्रमांकावर वेळेत कळवलं नाही.

पीकविमा आल्यापासून अण्णांनी नुकसान 72 तासांच्या आत कळवायचं कधी चुकवलं नव्हतं. फोन लागला नाही तर ॲपवर, ॲप उघडलं नाही तर चिखल तुडवत तालुक्याला जाऊन. गावी परतल्यावर ओसरीवर बसून त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली.

"अन् कंपनीला कळवलं कवा?"

"पहिलं बिल आलं तेव्हा. अकराव्या दिवशी."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"कागद आण तो," ते म्हणाले. "अन् वाचून दाखव. पयल्या पानापसून."