गेट लावून घे

आज डोकं फिरलंय आणि फिरलेल्या डोक्यानेच लिहितोय. शिकार म्हटलं की ज्यांना मळमळतं त्यांनी पुढे सरका, त्यांच्याशी मला आज वाद घालायचा नाही.

यंदा धनत्रयोदशी आणि आमच्या अमेरिकेतल्या साउथ डकोटात फेझंटच्या (कोंबडीएवढा रानपक्षी) शिकारीच्या सीझनचा पहिला दिवस एकाच दिवशी आले. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. सकाळी दहाच्या आत बार काढायचा नाही असा इथला नियम. म्हणून साडेनऊलाच ब्रुकिंग्ज गावाच्या उत्तरेला त्या ओळखीच्या गेटाशी जाऊन उभा राहिलो, तर गेटला नवंकोरं कुलूप आणि वर पाटी. शिकारीसाठी बुकिंग करा, खाली नंबर. लावला. गोड आवाजाची मुलगी म्हणाली, माणशी दिवसाला तीनशे डॉलरच्या वर, गाइड आणि कुत्रा त्यातच, पक्षी मिळण्याची गॅरंटी.

गॅरंटी म्हणे! पिंजऱ्यात वाढवलेले नर सकाळी सोडायचे, पाहुण्यांनी दुपारी पाडायचे. याला शिकार म्हणत असाल तर मंडईतून कोंबडी आणणारा मीही मोठा शिकारीच.

याच गेटावर 2011 साली मी पहिल्यांदा आलो होतो. विद्यार्थी होतो, अंगात उसनं नारिंगी जाकीट. भीत भीत दार वाजवलं. म्हातारबा बाहेर आला, जाकिटाकडे बघून हसला आणि म्हणाला, "नर मार, माद्यांना हात लावू नको. आणि गेट लावून घे, गुरं आहेत." बस्स. ना कागद, ना पैसा. त्या दिवशी माझे तिन्ही बार हुकले. परत आलो तर त्याने कॉफी पाजली आणि फ्रीजरमधला स्वतःचा एक पक्षी हातावर ठेवला.

इथे कायद्याने रानातला पक्षी शेतकऱ्याचा नसतो, राज्यातल्या सगळ्या लोकांचा असतो. 1919 साली स्पिंक काउंटीत पहिला सीझन झाला तो एका दिवसाचा. तेव्हापासून ही दार वाजवायची रीत. राज्याच्या पूर्वेकडे जवळजवळ सगळी जमीन खासगी, त्यामुळे कुलूप लागलं की पक्षी 'सगळ्यांचा' हे फक्त कागदावर. आणि या शेतकऱ्यांच्या पणजोबांना 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळाले ते जवळजवळ फुकटच ना? तेही इथल्या मूळच्या डकोटा लोकांकडून काढून घेतलेले. वर जमीन पडीक ठेवून गवत राखायला केंद्र सरकार भाडं देतं, माझ्याही टॅक्समधून. (ते भाडं माती वाचवायला असतं, मला हिंडायला नव्हे. ठीक आहे, मान्य.)

राज्य सरकार काही शेतकऱ्यांना पैसे देऊन लोकांसाठी रान मोकळं ठेवतं, तशा पाट्याही असतात. पण सीझनच्या पहिल्या शनिवारी तिथे जत्रा असते. उरतात रस्त्याकडेच्या चाऱ्या. आज तिथेच दोन तास पाणकणसं तुडवली. एक मादी भुर्रकन उडाली, तेवढीच. कुंपणापलीकडे त्या बुकिंगवाल्यांनी पक्ष्यांसाठी ज्वारी पेरलीय, चक्क ज्वारी, कणसं काळीभोर झालेली. कुंपणाला टेकून बघत बसलो.

आमच्या राहुरीकडे पीक निघालं की रान मोकळं. सरवा वेचणाऱ्या बायकांकडे कुणी पैसे मागितले नाहीत. धनगराने मेंढ्या बसवल्या तर उलट शेतकरीच त्याला धान्य देतो. हे सगळं घरी येऊन बायकोला तावातावाने सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, "तुझा चुलतभाऊ हुरडा पार्टीचे माणशी किती घेतो रे?"

घेतो. त्याच्या पोस्टवर मी बदाम पण टाकलाय. ज्वारीला भाव नाही, मग तो काय करणार. (बायकोला हे बोललो नाही.)

म्हातारबा जाऊन दोन वर्षं झाली. दुसऱ्या वर्षीपासून मी दिवाळीचा चिवडा न्यायचो. तो शेंगदाणे आधी खायचा आणि कढीपत्ता एकेक करून बशीच्या कडेला ओळीने लावायचा, खायचा असतो हे सांगूनसुद्धा. शेवटची दोन वर्षं हॉस्पिटलमध्येच गेली. बिलं मुलीच्या गळ्यात, ती राहते मिनियापोलिसला. तिने जमीन विकली नाही, या बुकिंगवाल्यांना भाड्याने दिली. तिच्या जागी मी असतो तर? माहीत नाही. आत्ता एवढं लिहिल्यावर सकाळइतका राग राहिला नाही, पण त्या 'गॅरंटी'चा आहेच.

दुपारी म्हातारबाच्या मुलीला मेसेज केला, कुलपाबद्दल नाही, नुसतं दिवाळीचं. तिचं लगेच उत्तर आलं. म्हणे, मंगळवारी त्यांचं बुकिंग नाही, कुलपाचा आकडा पाठवते, तू ये.

अजून काही कळवलेलं नाही. चिवड्याचा डबा गाडीतच आहे.