पांढरं ते विष? ‘पाच पांढऱ्या विषां’च्या फॉरवर्डचा हिशेब

साखर, मैदा, पांढरा तांदूळ, पिशवीतलं दूध आणि मीठ ही ‘पाच पांढरी विषं’ आहेत. ती स्वयंपाकघरातून हाकला आणि त्यांच्या जागी गूळ, कणीक, हातसडीचा तांदूळ, धारोष्ण दूध आणि सैंधव आणा, असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातल्या दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून तो मरत नाही. पण रंगावरून पदार्थाचा निवाडा केला की खरं तेवढं बाजूला राहतं आणि एका बाबतीत तर घरातल्या माणसांना थेट अपाय होऊ शकतो. तो भाग शेवटी घेतला आहे.

‘साखर विष, गूळ औषध’

दोन्ही एकाच रसातून निघतात. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळतो, चुन्याची निवळी आणि रानभेंडीचा चीक घालून वर येणारा मळ झाऱ्याने काढतात, आणि पाक 115-118 अंशांच्या आसपास पोचला की वाफ्यात ओततात. साखर कारखान्यात तोच रस चुना आणि सल्फर डायऑक्साइडने स्वच्छ करून आटवतात, दाणा धरला की वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून भोवतालची मळी वेगळी काढतात. थोडक्यात, मळी न काढलेली साखर म्हणजे गूळ. त्यात 65 ते 85 टक्के सुक्रोज, म्हणजे साखरच, आणि वर साधारण 10 ते 15 टक्के ग्लुकोज-फ्रुक्टोज. मधुमेह असलेल्याच्या रक्तात ही साखर गुळातून आली की साखरेतून, याने फरक पडत नाही. ‘शुगर आहे म्हणून गुळाचा चहा घेतो’ हे वाक्य डॉक्टरांच्या दवाखान्यात रोज ऐकू येतं, आणि त्यात नुकसान दुहेरी आहे: गूळ जरा कमी गोड लागतो, म्हणून चहात खडा मोठा पडतो.

उरतो लोहाचा मुद्दा. भारतीय पोषण तक्त्यांत 100 ग्रॅम गुळाला साधारण अडीच ते पाच मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. दोन कप चहातून 20 ग्रॅम गूळ पोटात गेला, तर लोह मिळालं फार तर एक मिलिग्रॅम, आणि तेही चहातलं टॅनिन शोषू देत नाही. निव्वळ गुळावर गरज भागवायची तर रोज अर्ध्या किलोहून जास्त गूळ खावा लागेल. बाजरीच्या 100 ग्रॅम पिठात, म्हणजे दोन-तीन भाकऱ्यांत, सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. सोबत लिंबू किंवा कच्चा टोमॅटो घेतला आणि जेवणानंतर तासभर चहा टाळला, तर त्यातलं जास्त अंगी लागतं. लोह हवं असेल तर पैसे बाजरीवर खर्च करावेत.

‘गूळ रसायनमुक्त’ हेही सरसकट खरं नाही. पिवळाधमक, चकचकीत गूळ बाजारात चढ्या भावाने जातो, म्हणून रंग उजळायला सोडियम हायड्रोसल्फाइट, गुऱ्हाळाच्या भाषेत ‘हायड्रोस’, टाकण्याची पद्धत आहे. घेताना तपकिरी, किंचित मऊ ढेप बघावी. खडू किंवा मातीची भेसळ ओळखायला काचेच्या ग्लासात पाण्यात खडा विरघळवून अर्धा तास स्थिर ठेवा, तळाशी पांढरट थर बसतो. (आणि गुळाच्या चहाचं दूध फाटत असेल तर दोष दुधाचा नसतो. गुळातली आम्लता आणि क्षार उकळत्या दुधाला फाडतात. गॅस बंद करून मिनिटभराने गूळ घालावा.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शनात ‘मुक्त साखर’ दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत, शक्य तर 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. 2000 कॅलरींच्या आहारात हे 50 आणि 25 ग्रॅम होतात. यात साखर, मध, गूळ, फळांचा रस सगळं एकाच पारड्यात आहे. तेव्हा ‘रिफाइंड शुगर नाही’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या लाडवाच्या डब्यावर मागची बाजू बघायची: ‘एकूण साखर’ आणि ‘ॲडेड शुगर’ या दोन ओळी. गुळाचे ग्रॅमही तिथेच मोजले जातात.

‘मैदा आतड्याला चिकटतो, आणि त्यात अलॉक्झन असतं’

चिकटण्याचा पुरावा म्हणून पोस्टरच्या खळीचं उदाहरण देतात. खळ तांदळाचीही होते, साबुदाण्याचीही. पोटात गेल्यावर स्टार्चवर ॲमायलेज हे पाचक द्रव्य काम करतं आणि त्याचं ग्लुकोज होऊन रक्तात जातं. भिंतीवर ॲमायलेज नसतं, एवढाच फरक.

अलॉक्झन हे रसायन प्रयोगशाळेत उंदरांच्या स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून मधुमेह घडवायला वापरतात हे खरं. पण ते पिठाला पांढरं करायला घालायचं द्रव्य नाही. पिठाच्या बाबतीत खरोखर चिंतेचं होतं ते पोटॅशियम ब्रोमेट. ते पाव फुगण्यासाठी वापरलं जाई आणि भारतात 2016 मध्ये त्यावर बंदी आली. गंमत अशी की अलॉक्झनवाल्या मजकुरात त्याचं नावही नसतं.

मैद्याचा खरा दोष साधा आहे: तंतू गेलेले. गव्हाच्या पिठात 100 ग्रॅमला सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्या आत. म्हणून मैद्याची रोटी रोज खाऊ नये, हे मान्य. पण कणीक आणल्यावर ती बारीक चाळणीने दोनदा चाळून कोंडा टाकून दिला, तर घरच्या घरी मैद्याच्याच वाटेला लागलो. चाळायचीच तर पिठाची जाड चाळणी वापरा.

आता दिवाळीचं ‘हेल्दी’ शंकरपाळं घ्या. नेहमीचं माप: दूध, तूप, साखर प्रत्येकी एक वाटी आणि त्यात मावेल तेवढा, साधारण अर्धा किलो मैदा. वाटी 150 मिलिलिटरची धरली तर तुपाच्या जवळपास 1200 कॅलरी, साखरेच्या साडेपाचशे, मैद्याच्या साडेसतराशे. तळणीचं तेल वेगळं. मैद्याऐवजी कणीक घेतली तर यातल्या शंभर-दीडशे कमी होतात. तंतू वाढतात, ते चांगलंच, पण शंकरपाळं कडक होतं, म्हणून मोहन वाढवलं जातं आणि वाचलेल्या कॅलरी तिथेच परत येतात. मैद्याचंच करा, छान खुसखुशीत करा, आणि चार खाऊन डबा बंद करा.

विकतच्या ‘नाचणी’ बिस्किटांत किंवा ‘ब्राऊन’ ब्रेडमध्ये घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव मैद्याचं असेल तर बिस्कीट मैद्याचंच. तपकिरी रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो.

‘पांढरा भात म्हणजे नुसती साखर’

इथे मूळ शंका रास्त आहे. 1890च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन यांना दिसलं की पॉलिश तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. त्यातून पुढे ब1 जीवनसत्त्वाचा शोध लागला, 1929 साली त्यांना नोबेल मिळालं. पॉलिशमध्ये हे जीवनसत्त्व बहुतांश निघून जातं. पण आइकमनच्या कोंबड्या केवळ तांदूळ खात होत्या. आमटी, उसळ, मासे यांच्यासोबत भात खाणाऱ्याचा हिशेब वेगळा.

तंतूंचं बघा. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात पॉलिश आणि बिनपॉलिशचा फरक दीड-दोन ग्रॅमचा. मटकीची वाटीभर उसळ वाढली तर त्याहून कितीतरी जास्त तंतू मिळतात, आणि वर डाळी-कडधान्यांतलं लायसिन (प्रथिनांचा एक घटक) भातातली उणीव भरून काढतं. ताटात भात किती आणि सोबत काय, याने रक्तातली साखर जास्त ठरते.

हातसडीचा नको असेल तर कोकणातला उकडा आहेच. भात (साळ) आधी भिजवून वाफवतात आणि मग सडतात. वाफवताना कोंड्यातलं ब1 दाण्यात आत शिरतं, म्हणून सडल्यावरही बरंच टिकतं. उकड्याला पाणी जास्त आणि वेळ जास्त लागतो: अर्धा तास भिजवून एकास तीन-चार वाट्या पाणी. कोणताही तांदूळ चार-पाच पाण्यांनी चोळून धुणं आणि वरचं पाणी ओतून देणं टाळलं, तर उरलेली जीवनसत्त्वं नाल्यात जात नाहीत. पेज काढलीत तर ती प्या.

पिशवीतलं दूध ‘पाच विषां’च्या यादीत का आहे, तेच कळत नाही. पाश्चरीकरण म्हणजे दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवणं. त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जागच्या जागी राहतात. मरतात ते क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू. धारोष्ण दूध कच्चं पिण्याचा सल्ला ऐकू नये, मग गाय कितीही देशी असो. दूध पचत नसेल तर लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, प्रश्न असतो, दही-ताक बहुतेकांना चालतं.

‘सैंधवात 84 खनिजं, आयोडिनचं मीठ कारखान्याचं विष’

अपाय होऊ शकतो तो इथे. सैंधवात 95 ते 98 टक्के सोडियम क्लोराइडच असतं, गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. ‘हिमालयन’ म्हणून विकलं जातं ते मुख्यतः पाकिस्तानच्या पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीचं. दिवसाला सांगितलेल्या 5 ग्रॅम मिठातून सैंधवातलं पोटॅशियम 15 मिलिग्रॅमच्या आसपास मिळेल. एका केळ्यात तीनशेहून जास्त. रक्तदाबाला दोन्ही मिठं सारखीच.

आयोडिन मात्र सैंधवात नगण्य. ते रोज 150 मायक्रोग्रॅम लागतं, गर्भारपणी त्याहून जास्त, आणि तेव्हा कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. 1956 पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांना आयोडिनयुक्त मीठ आणि काहींना साधं मीठ देऊन पाहिलं. आयोडिन मिळालेल्या भागांत गलगंड उतरला. त्यातून 1962चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. ‘आमच्याकडे समुद्र आहे, आम्हाला गरज नाही’ हेही चूक. मिठागरातल्या मिठात आयोडिन जवळजवळ उरत नाही. नियमाने ग्राहकापर्यंत पोचताना आयोडिन किमान 15 पीपीएम, म्हणजे किलोला 15 मिलिग्रॅम, असायला हवं. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा, मीठ झाकणाच्या बरणीत गॅसपासून लांब ठेवा, आणि आमटीत शेवटी घाला.

मिठात ‘सायनाइड’ असल्याचा एक व्हिडिओही फिरतो. मीठ मोकळं राहावं म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड किलोला 10 मिलिग्रॅमपर्यंत घालायची परवानगी आहे. त्यातलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं. 5 ग्रॅम मिठातून ते 0.05 मिलिग्रॅम जातं. 60 किलोच्या माणसाला रोजची सुरक्षित मर्यादा दीड मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे तीसपट.

मीठ खरोखर कमी करायचं असेल तर पापड, लोणचं, फरसाण आणि पानात वरून घेतलेलं मीठ यांच्यापासून सुरुवात करा. ‘लो सोडियम’ मीठ हा मार्ग काहींना उपयोगी आहे, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते पाकीट घरात आणण्याआधी डॉक्टरांना औषधांची चिठ्ठी दाखवा.