गरगर आहे, गरम नाही

ड्रायर सरळ बंद पडला असता तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूबद्दल घरात निदान एकमत होतं. आमचा मात्र चालत होता. बटण दाबलं की दिवा लागे, ड्रम गरगर फिरे, तासाभरानं भोंगा वाजवून काम झाल्याचं जाहीरही करी. दार उघडून हात घालावा तर कपडे तसेच ओले, वर गारढोण. पंगतीत रिकामी बादली घेऊन तोऱ्यात फिरणारा वाढपी बघितलाय ना? अगदी तो.

त्यात जानेवारीतलं न्यू जर्सी. पोरांच्या जीन्स, थर्मल, आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंची सुती पातळं. नवऱ्यानं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपात इंजिनिअर नसलेला माणूस शोधावा लागतो, पण सगळे सॉफ्टवेअरचे. पहिला सल्ला आला, "प्लग काढून पाच मिनिटांनी लाव." दुसरा, "नवीनच घे, सेल चालू आहे." एका काकांनी शिकेकाईवरचा फॉरवर्ड पाठवला. दुरुस्तीवाला नुसतं येऊन बघायचेच शंभराच्या वर डॉलर मागत होता, तेही पुढच्या आठवड्यात.

शेवटी मी कराडचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा बाहेर काढला. लग्नानंतर तो फक्त बायोडेटापुरता उरला होता.

अमेरिकेत घरात वीज येते ती 120 व्होल्टच्या दोन बाजूंनी. दिवे, मिक्सर यांचं एकीवर भागतं. ड्रायरच्या हीटरला दोन्ही मिळून 240 लागतात, पण ड्रम फिरवणारी मोटर 120 वरच खूश असते. म्हणजे एक बाजू गेली तर फिरणं चालू, तापणं बंद. म्हणून आधी तळघरात, 30 अँपिअरच्या जोडब्रेकरपाशी. हा कधीकधी ट्रिप होऊनही चालू असल्यासारखाच दिसतो. तो आधी पूर्ण बंद करून मगच चालू करावा लागतो. केला. नवरा मोबाइलचा टॉर्च धरून उभा. "झालं?" नाही झालं. सॉकेटवर मीटर लावला तर 240 व्यवस्थित.

मग प्लग काढून मशीन भिंतीपासून ओढलं, मागचा पत्रा उघडला. हीटरची कॉइल दहा ओहमच्या आसपास, ठणठणीत. तिच्या डब्यावर बोटाच्या पेराएवढा थर्मल कट-ऑफ बसवलेला असतो, तिथं मात्र मीटर मुका. आत उष्णता वाजवीपेक्षा वाढली की हा उडतो आणि हीटरची वीज तोडतो. पुन्हा जुळत नाही, नवाच बसवावा लागतो. पण तो उगाच उडत नाही. गरम हवेला बाहेर जायला वाट नसणार.

वाट म्हणजे मागची चार इंची नळी. ती भिंतीशी चेपलेली, आणि आत कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचा बोळा. ओढायला लागले तर येतच राहिला: राखाडी-जांभळा, दाट, मध्येच लेकीच्या फ्रॉकची चमकी, मग बराचसा भाग पांढऱ्या केसांचा. आमच्याकडे कुत्रं नाही. घराच्या आधीच्या मालकाकडे होतं म्हणे.

"टाकू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या, "वाती होतील."

मी चिमूटभर सिंकमध्ये ठेवून काडी लावली. भप्पकन पेटलं. 2008 ते 2010 या काळात इथल्या घरांत ड्रायरच्या वर्षाला सरासरी 2,900 आगी लागल्या, असं सरकारी अग्निशमन खात्याचा अहवाल सांगतो, आणि साफसफाई न करणं हे त्यातलं मुख्य कारण. हे सगळं त्यांना सांगितलं. "म्हणजे पेटतंय चांगलं," त्या म्हणाल्या. यात नायलॉन आहे आणि कुत्र्याचे केसही आहेत, हे ऐकल्यावर कुठं देवासाठीचा हट्ट सुटला.

सुटा भाग यायला वेळ होता. बाल्कनीत दोरी बांधायला आमच्या वसाहतीत बंदी. व्हरमाँट, मेनसारख्या राज्यांनी कपडे वाळत घालायच्या हक्कासाठी कायदे केलेत, हे ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी जिन्याच्या कठड्यापासून पडद्याच्या दांडीपर्यंत घरातच दोरी ताणली. जेवताना जीन्सचा पाय कानाला लागे. पण इथल्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की रात्रीचे कपडे सकाळपर्यंत खडखडीत, आणि पैसे मोजून आणलेला ह्युमिडिफायर आपोआप बिनकामाचा झाला.

कट-ऑफ आला, त्याच्या जोडीचा थर्मोस्टॅट आला, धातूची नवी नळी आली. जोडलं, चालू केलं. नवऱ्यानं ग्रुपवर "फिक्स्ड!" टाकलं. शिकेकाईवाल्या काकांनी "वेलकम" म्हणून घेतलं.

सासूबाईंनी ड्रमात हात घालून अंदाज घेतला. आत, बाहेर, पुन्हा आत.

"ऊब बरी आहे," म्हणाल्या. "न फिरवता चालतं का गं हे? उडदाचे पापड घालीन म्हणते."