बांबू विकणारे गाव आणि आपला ऊस

आदिवासींच्या साधेपणावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. सोलापुरात पंख्याखाली बसून आदिवासींच्या साधेपणाचे गोडवे गाणे सोपे आहे, वाट मिळाली की तेही आपल्याच मार्गाने येतात, आणि पंढरपूर तालुक्यातल्या आपल्या घरात शिक्षण आले ते उसामुळेच, असा आपला आक्षेप आहे. साधेपणाबद्दल आपले म्हणणे मान्य करतो. त्या लेखात माझा सूर भाबडाच लागला होता.

पण पैसा हवा असणे वेगळे आणि सगळे पैशावर सोडून देणे वेगळे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक, म्हणजे तोडलेला बांबू स्वतः बाहेर पाठवून विकण्याची मुभा, ग्रामसभेच्या हाती आले. म्हणजे बाजार त्यांनी नाकारलेला नाही. मात्र जंगलाचे निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते आणि निर्णय चुकला तर त्याची झळ तो निर्णय घेणाऱ्यांनाच बसते. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर २०१३ मध्ये तिथल्या आदिवासींच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली, तीही पैशाची किंमत कळत नव्हती म्हणून नव्हे.

आपल्याकडे काय झाले? वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या सोलापूर जिल्ह्यात मालदांडी ही रब्बी ज्वारी काळ्या रानाने धरलेल्या ओलीवर येते, तिचा कडबा जनावरांना होतो, आणि रिकाम्या रानात धनगराच्या मेंढ्या बसवल्या की खताची सोय लागते. (हे शेतकरी आदिवासी नव्हेत, हे मला ठाऊक आहे; पण जमिनीला काय झेपेल, हा हिशेब त्यांच्याही रीतीत होता.) ऊस मात्र वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहून उजनी धरणाचे पाणी पितो, आणि पाण्याचा तुटवडा त्याच्या भावात कुठेच दिसत नाही. आपल्या घरी शिक्षण आले याचा आनंदच आहे. कालव्याच्या टेलला, म्हणजे पाणी सर्वांत शेवटी पोहोचते त्या टोकाला, असलेल्या गावाला तो हिशेब तसाच दिसेल, असे मला वाटत नाही.

‘आपल्याच मार्गाने येतात’ याबद्दल मात्र तीव्र असहमती नोंदवतो. याच सोलापूर शहरात, अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा भटक्या कुटुंबांना सेटलमेंटच्या, म्हणजे सक्तीच्या वसाहतीच्या, तारेच्या कुंपणात ठेवले गेले आणि त्यांतली माणसे गिरण्यांच्या कामाला लावली गेली. मूळ लेखात हे लिहायला हवे होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. तो कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला. पुढे त्या गिरण्याही बंद पडल्या.